येळवसचा कागद

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर आमच्या घरची मंडळी पाणी बघायला जातात, तेव्हा मलाही गाडीत घालून नेतात. सगळे पाण्याकडे बघतात आणि मी पाण्याखाली काय काय असेल त्याचा विचार करत बसतो. सून म्हणते, "बाबा, एवढं छान पाणी, आणि तुमचं तोंड असं का?" तिला काय सांगणार? अंबादासरावांची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही.

निजामाच्या राज्याची शेवटची सात-आठ वर्षं मी निलंग्याच्या कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे साधा कारकून. पण नांदेडला आमच्या आईनं शेजारीपाजारी असं काही सांगून ठेवलं होतं की, निलंगा तालुका माझ्याच सहीवर चालतो अशी गल्लीची समजूत होती. कचेरीचं कामकाज उर्दूत चाले. माझं उर्दू अक्षर बरं होतं, म्हणून नोटिसा लिहायचं काम माझ्या गळ्यात. शेजारच्या मेजावर अंबादासराव बसत. ते नक्शानवीस होते, म्हणजे शेतांचे नकाशे काढणारे.

उंच, किडकिडीत माणूस. कोपरांवर विटलेली शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, आणि बूट कायम चिखलानं माखलेले. बाकीचे आम्ही कचेरीच्या पायरीवर बूट झटकून आत जायचो. हे मात्र तसेच आत येत, बूट मेजाखाली वाळू देत, आणि दुपारी ती वाळलेली माती कागदावर खरवडून तिची पुडी बांधत. पुडीवर गावाचं नाव आणि शेताचा नंबर. त्यांच्या खणात अशा शे-दीडशे पुड्या होत्या. नकाशात रंग भरताना ते सरकारी शाई वापरायचेच, पण काळ्या जमिनीला त्या जमिनीचीच माती डिंकात कालवून एक हात देत. कुणी हसलं तर म्हणत, "शेताला त्याचा स्वतःचा रंग नको का, अहलकारसाहेब?"

एकदा आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे खात्याचे वरिष्ठ अधिकारी, तपासणीला आले. माणूस खानदानी आणि तपकिरीचा षौकीन. अंबादासरावांचा खण उघडताच पुड्या दिसल्या. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी एक पुडी सोडून चिमूट थेट नाकात घातली आणि सात-आठ शिंका दिल्या. डोळे पुसत विचारलं, "ये कैसी नास है, अंबादासराव?"

"हुजूर, शिरूर अनंतपाळची काळी जमीन."

पण साहेब खो खो हसले. पुढे ते जेव्हा जेव्हा येत तेव्हा दारातूनच विचारत, "क्यों, आज कौनसा गाँव सूँघा?"

ह्या माणसाच्या नावावर बोटभरही जमीन नव्हती. लातूरला भाड्याच्या खोलीत वाढलेले. "आमची शेती म्हणजे कुंडीतली तुळस," असं म्हणायचे. पण तालुक्यातलं शेत न् शेत त्यांनी पायाखाली घातलं होतं. मोजणीची टिपणं समोर असली तरी शेतात गेल्याशिवाय रेघ ओढायची नाही हा त्यांचा नेम. "पायाला माती लागल्याशिवाय हाताला रेघ येत नाही," हे त्यांचं वाक्य आम्हाला इतकं पाठ झालं होतं की, ते तोंड उघडायच्या आतच आम्ही तिघं-चौघं एका सुरात म्हणून टाकायचो. ते रागवायचे नाहीत.

आणि येळवस आली की ह्या माणसाला आवरणं कठीण.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. नांदेड शहरात आम्हाला तिचं फारसं काही नव्हतं, पण त्या भागात तिच्यापुढे दिवाळी फिकी. सगळं गाव कुलपं लावून रानात जातं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, न बोलावणं हे पाप. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून खोप करायची, तीत चुना आणि काव लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, आंबील. जेवायच्या आधी आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर, घेऊन शेताच्या कडेनं फिरायचं, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत ज्वारीच्या ताटानं पिकावर आंबील शिंपडायची.

अंबादासरावांचं बोलावणं कुरणवाडीच्या ज्ञानोबाचं असे. कुरणवाडी निलंग्याहून तीन कोसांवर, शिरूर अनंतपाळच्या वाटेवर. ज्ञानोबाची बायको सोजरबाई अंबादासरावांना भाऊबीजेला ओवाळायची. त्यामुळे तिची पोरं, आणि पोरांचं ऐकून सगळी वाडी, खुद्द ज्ञानोबासुद्धा, त्यांना नक्शेमामा म्हणत. मामा एकटे जाणारे नव्हेत. पोस्टमास्तर, दवाखान्याचे कंपाउंडर, शाळेचे दोन मास्तर आणि मी, अशा पांढरपेशांना दोन बैलगाड्यांत कोंबून ते पहाटेच निघत.

मी पहिल्या वर्षी गेलो तो निव्वळ जेवणाच्या आशेनं. उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्या हातात एक धोंडा आणि चुन्याचं वाडगं दिलं. "भीम तुमच्याकडे," म्हणाले. मी रंगवलेला भीम पांडुरोग झाल्यासारखा दिसत होता. सोजरबाई पदर तोंडाला लावून हसली, पण खोपीत तोच मांडला.

खरं काम जेवणानंतर असायचं. अंबादासराव कचेरीतले रद्दी नकाशे मागून मागून एकमेकांना डकवत आणि तो घोंगडीएवढा कागद पालथा घालून पसरत. शेतातली माती, हळद, काव, नीळ, चुरडलेला पाला असे रंग. आधी ते स्वतः बांध, विहीर, आंबा, आणि आंबील शिंपत फिरताना खालच्या कोपऱ्यावर जिथून वळायचं ती बाभूळ काढायचे. मग आम्हा प्रत्येकाला एकेकटं शेतात पिटाळायचे. परत येऊन आपण जे पाहिलं ते कागदावर आपल्या हातानं काढायचं. येत नाही, ही सबब चालायची नाही.

पोस्टमास्तर पाच मिनिटांत परत आले. "ज्वारी पाहिली," म्हणाले.

"ज्वारी नव्हे. त्यातलं एक ताट बघून या."

बिचारे पुन्हा गेले ते तासाभरानं आले. दोन पानांमध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि त्यावर कणसाचा फुलोरा सांडला होता, हे सांगताना त्या पन्नाशीच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढे कितीतरी महिने पोस्टात गेलं की ते कोळ्याची चौकशी केल्यासारखं म्हणायचे, "आता ज्वारी काढली असेल नाही का हो?" मला हसू यायचं, पण मी तरी काय वेगळा होतो? जन्मभर नांदेडला गंगेत, म्हणजे गोदावरीत, बुड्या मारल्या, आणि तिच्या काठावरच्या झाडांपैकी एक झाड नावानं सांग म्हटलं तर माझी बोबडी वळली असती. निलंग्यात मी पहिल्यांदा झाडांकडे मान वर करून बघायला लागलो, ते ह्या माणसामुळे.

वाडीतले लोकही येऊन काही ना काही काढत. शेवटी ज्ञानोबा कागदाची तपासणी करी. "ह्ये पाखरू आपल्या रानात न्हाई," म्हटलं की ते पाखरू पुसायचं, मग ते काढणारा मास्तर असो की कोण. निदान पाच जणांचा हात लागलेला आणि ज्ञानोबानं 'हाव', म्हणजे होय, म्हटलेला कागद तेवढा खरा. तो सोजरबाईच्या घरात भिंतीला लागे. घरात अक्षरओळख कुणालाच नव्हती, पण ह्या कागदावर सगळ्यांना सगळं वाचता यायचं.

एके वर्षी शेजारच्या शेतकऱ्यानं बाभूळ आपल्या हद्दीत आहे म्हणून भांडण काढलं. वाडी पारावर बसली. सोजरबाई घरी गेली आणि चार वर्षांपूर्वीचा कागद घेऊन आली. बाभूळ बांधाच्या अलीकडे होती, आणि तिच्यावर कावळ्याचं घरटं काढलेलं होतं. ते घरटं त्या शेजाऱ्याच्याच मयत बापानं काढलं होतं. शेजारी कागदाकडे बघत राहिला. "बापाचा हात हाय," म्हणाला आणि उठून गेला. भांडण मिटलं.

अंबादासरावांना हे कळलं तेव्हा ते महिनाभर हवेत होते. "सरकारी नक्शाला वकील लागतो, साहेब. ह्याला कुणी लागलं नाही." आता वाटतं, तेव्हाच कुणीतरी त्यांना सावध करायला हवं होतं. पण मीही त्यांच्याइतकाच खूष होतो.

त्यानंतरच्या वर्षी कुरणवाडीच्या ओढ्यावर तळं बांधायचं ठरलं. काम वाईट नव्हतं. खालच्या पाच गावांना पाणी मिळणार होतं, आणि ती गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी अर्ज करत होती. पाणी कुठवर चढेल त्याची निळी रेघ नकाशावर काढायचं काम अंबादासरावांकडे आलं. मोजणीचे आकडे समोर होते, त्यात कुणाची मर्जी चालत नव्हती. कार्तिकात एका दुपारी ते माझ्या मेजापाशी आले. म्हणाले, "बाभूळ गेली. विहीर गेली. आंबा गेला. निम्म्याच्या वर शेत गेलं." मग म्हणाले, "पाणी थोडं अलीकडे थांबू शकत नाही का हो?" एवढा जाणता माणूस मला, नोटिसा लिहिणाऱ्याला, हे विचारत होता.

नोटीस निघायच्या आधी बाहेर बोलायचं नाही, असा कचेरीचा दंडक होता. त्यातच येळवस आली. आम्ही नेहमीसारखे गेलो. अंबादासरावांनी खोप बांधली, पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. जेवणं झाली, कागद पसरला. तळ्याची कुणकुण वाडीत लागलेली होतीच. सोजरबाई समोर येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, तळं कुठवर येतंय ते बी काढा की. पोरं पोहायला जातील."

सगळे बघत होते. अंबादासरावांनी कुंचला निळीत बुडवला. मला वाटलं, आता हे सांगून टाकतील. मग त्यांनी बाभळीच्या पार खाली, कागदाच्या अगदी काठाला, एक निळा पट्टा ओढला.

मला खरं माहीत होतं. मी काही बोललो नाही. उलट माझी पाळी आली तेव्हा मी विहिरीजवळ एक टिटवी काढली, कारण मी ती खरंच तिथे पाहिली होती. ज्ञानोबानं कागद बारकाईनं बघितला आणि म्हणाला, "हाव. बराबर हाय."

परतताना गाडीत अंबादासराव पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी चित्र काढलं. नक्शा नव्हे. चित्रात तरी..."

माघात माझ्या अक्षरातल्या नोटिसा गेल्या. ज्यांची जमीन बुडणार त्यांनी पाडव्याच्या आत तहसिलीत हजर व्हावं आणि वरच्या अंगाच्या कुरणातली जमीन निवडून घ्यावी. जो आधी येईल त्याला चांगला तुकडा. पाडव्यानंतर हक्क नाही. वाडीतले सगळे येऊन गेले. ज्ञानोबा आला नाही. फाल्गुन निम्मा सरला तरी आला नाही, तेव्हा अंबादासराव मला घेऊन कुरणवाडीला गेले.

ज्ञानोबा ओसरीवर दावं वळत बसला होता. अंबादासरावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "ज्ञानोबा, नोटीस मिळाली का?"

"मिळाली की. पटवाऱ्यानं वाचून बी दावली. पर आपल्याला काय करायचंय? आपलं कुठं बुडून ऱ्हायलंय?" त्यानं आत भिंतीकडे हात केला. "कागद हाय ना तुमच्या हातचा."

"तो खोटा आहे. मी खोटं काढलं."

ज्ञानोबा हसला. "तुमी? जवारीचं ताट बगायला पोस्टमास्तराला दोनदा पाठवणारं तुमी खोटं काढताव?"

"तुझ्या गळ्याची शपथ. पाणी आंब्याच्या वर येणार आहे."

ज्ञानोबानं दावं खाली ठेवलं. त्याचा आवाज बदलला, पण राग नव्हता त्यात, समजूत होती. "मामा, तुमच्यावर कचेरीनं दाब आणला आसंल. तुमी नौकर मानूस. तोंडानं तुमाला सरकारचं बोलावं लागतंय, त्ये कळतंय मला. पर हात लावला तवा तुमी येळवसला होताव. पाच जनांचा हात हाय त्येला. अन् ह्या सायबांनी हिरीजवळ टिटवी काढली. टिटवी कंदी पान्यात बसती का?"

मी म्हटलं, "ज्ञानोबा, नोटीस मीच लिहिली आहे." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी बी नौकरच की."

अंबादासराव आत गेले आणि भिंतीवरचा कागद काढायला त्यांनी हात घातला. सोजरबाई आडवी आली. "दादा, घरची वस्त हाय. तिला हात लावू नका." इतकी वर्षं ओवाळणारी बाई त्यांच्याकडे परक्यासारखी बघत होती.

चार दिवसांनी त्यांनी एकट्यानं बसून खरा कागद काढला. आंबा, विहीर, बाभूळ सगळं निळ्यात. तो घेऊन पुन्हा गेले. ज्ञानोबानं उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "ह्येला बाकीच्यांचा हात न्हाई," म्हणाला. मग कागदाला हात लावायला चला म्हणून आम्ही पोस्टमास्तरांना आणि कंपाउंडरला गाठलं. एकाची मुलगी बाळंतपणाला आली होती, दुसऱ्याला रजा नव्हती. मोहतमीम साहेबांकडेही गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उनको हाजिर होना पडेगा, अंबादासराव. मैं क्या करूँ?" त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं. पाडवा उजाडला आणि गेला. कुरणातली माती असलेली जमीन बाकीच्यांनी घेतली, ज्ञानोबासाठी नुसता खडक उरला आणि त्यावरही त्याचा हक्क राहिला नाही.

ज्येष्ठात तळ्याच्या कामावरची माणसं बाभूळ तोडायला आली, तेव्हा ज्ञानोबाला कळलं. त्यानं भांडण केलं नाही. कुऱ्हाडी चालू होत्या तोवर तो बांधावर बसून होता, असं पटवारी सांगत होता. भाद्रपदात तळं भरलं.

त्यानंतर अंबादासरावांचे बूट स्वच्छ दिसू लागले. ते शेतात जाईनासे झाले. टिपणं समोर ठेवून जागेवरच रेघा ओढत. पुड्यांचा खण त्यांनी एकदाही उघडला नाही. मोहतमीम साहेबांनी दारातून नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि खाली मान घालून "हुजूर" एवढंच म्हणाले. साहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटे. त्यांनी रेघ ओढली आणि मी पाहत राहिलो, ह्यात मोठा गुन्हा कुणाचा ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मार्गशीर्ष आला. कुणी येळवसचा विषय काढला नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी वाडीचा एक माणूस बाजाराला आला होता, त्यानं कचेरीच्या पायरीवरून निरोप दिला. "सोजरबाईनं सांगितलंय, दादाला म्हनावं येळवस हाय."

आम्ही दोघंच गेलो. पोलीस ॲक्शननंतर माझी बदली नांदेडला झाली, अंबादासराव कुठे गेले ते समजलं नाही. म्हणजे आम्ही मिळून केलेला तो शेवटचा प्रवास.

शेताचा वरचा तुकडा तेवढा कोरडा होता. तिथे खोप उभी होती. पुढे सगळं पाणी, आणि पाण्यात पानं झडलेला आंबा. विहीर कुठे होती ते मला ओळखता येईना. ज्ञानोबा आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्यानं मान वळवली नाही, या म्हणाला नाही. सोजरबाईचे डोळे सुजलेले होते. तिनं आंबिलीची बिंदगी उचलली आणि दरवर्षीसारखी अंबादासरावांच्या हातात दिली.

"दादा, शिवार फिरून या."

"कुठलं शिवार, सोजर?"

"आपलंच. पान्याखाली हाय म्हनून काय झालं."

अंबादासरावांनी टोपी काढली, शेरवानी काढून माझ्याकडे दिली. बूट खोपीपाशी ठेवले. वरच्या बांधावरून चालत ते काठाला आले आणि तसेच पाण्यात उतरले. बांध त्यांना पाठ होता, पाऊल कुठे अडखळलं नाही. एका हातात बिंदगी, दुसऱ्या हातात ज्वारीचं ताट, दर दोन पावलांनी पाण्यावर आंबील शिंपडायची. पांढरा शिंतोडा क्षणभर पाण्यावर दिसे आणि विरून जाई. त्यांनी "ओलगे ओलगे" म्हटलं. दरवर्षी आम्ही दहाजण "सालम पोलगे" म्हणून ओरडायचो. आज ओरडायला मी एकटा होतो.

पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. ते चालत राहिले. छातीला लागलं तेव्हा त्यांनी बिंदगी डोक्यावर धरली. शेताचा कोपरा कुठे संपतो ते काठावरून मला कळत नव्हतं, पण पुढे सबंध तळं होतं, आणि त्यांची चाल जराही मंदावली नव्हती. ते वळतील असं मला वाटेना. मी शेरवानी घट्ट धरून उभा होतो. हाक मारावी, तर कुठल्या तोंडानं मारायची?

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. दिवसभरात पहिल्यांदा ज्ञानोबा उठून उभा राहिला होता, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता.

"मामाऽ, बाभूळ आली. वळा!"

त्या पाण्यावर बाभूळ कुठेच नव्हती. अंबादासराव वळले.